काय ठेवायचं, काय बदलायचं

जुनी जीप घेऊन येणारं गिऱ्हाईक दोन गोष्टी एका दमात सांगतं. "होती तशी करून द्या" आणि "जरा पॉवर वाढवा". या दोन मागण्यांचं आपसात जमत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, तर गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजला जातं. म्हणून मी आधी चहा सांगतो, गाडीखाली पोतं अंथरतो आणि बॅटरी घेऊन आडवा होतो. जीप खालून बघायची असते. वरून दिसतो तो रंग, आणि रंग काय, कुणीही मारून देतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं, काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली, मग स्वतःचं शेड टाकलं. रोजचं पोट बोलेरो आणि पिकअपवर चालतं. जुन्या जीपा अधूनमधून येतात. त्यातली एक इथं सांगतो, कारण तिच्यावर काम करताना 'काय ठेवायचं आणि काय बदलायचं' हा वाद जितका झाला तितका दुसऱ्या कुठल्या गाडीवर झाला नाही.

गाडी गगनबावड्याकडच्या एका वाडीवरून टेंपोत घालून आली. महिंद्राची सीजे थ्री-बी, साठच्या दशकातली, पेट्रोल, तीन अक्षरी जुना नंबर. मालक सत्तरीपुढचे, गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणू लागलो. बरोबर नातू, पुण्यात नोकरीला. एके काळी ही गाडी मागं ट्रेलर लावून गुळाचे रवे शाहूपुरीच्या बाजारात आणत असे. मग गोठ्याच्या कोपऱ्यात गेली ती तिथंच राहिली. घरच्यांचा समज असा, की छपराखाली आहे म्हणजे सुरक्षित आहे. पण लोखंडाला गोठ्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. जनावरांचं मूत, त्यातला अमोनिया, सतत ओली जमीन, आणि वरून गगनबावड्याची हवा, जिथं पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. उघड्या माळावर असती तर निदान उन्हानं वाळली तरी असती.

या मॉडेलबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या विलीज कंपनीनं सीजे थ्री-बी 1953 मध्ये काढली. युद्धातल्या जीपपेक्षा हिचं बॉनेट उंच दिसतं. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. नव्या 'हरिकेन' इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि धूर बाहेर टाकणारा खाली ब्लॉकमध्येच ठेवला. याला एफ-हेड म्हणतात. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. बऱ्याच लोकांना ही जीप त्यामुळे बेढब वाटते. मला तिचं ते टेंगूळच आवडतं, कारण गरज होती तेवढाच पत्रा वर चढवला आहे.

जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा यांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह 1945 मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' काढली, पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीजच्या जीपा जुळवायला सुरुवात झाली, पुढं भाग इथंच बनू लागले. अमेरिकेत सीजे थ्री-बी 1968 मध्ये बंद पडली. आपल्याकडे तिचा वंश त्यानंतरही चालू राहिला. त्याचा फायदा आज माझ्यासारख्याला होतो. पुण्याच्या नाना पेठेत, दिल्लीच्या मायापुरीत, हरियाणातल्या डबवालीत या गाडीचा नट-बोल्टसुद्धा मिळतो. अमेरिकेतले शौकीनही आपल्या विलीजसाठी भारतात बनलेले भाग मागवतात.

तर मी गाडीखालून बाहेर आलो तेव्हा नातू मोबाइलवर यादी घेऊन उभा होता. नवं कॉमन रेल डिझेल इंजिन, पॉवर स्टीअरिंग, रुंद टायर, पुढं विंच, सस्पेन्शन उचलून घ्यायचं, एलईडीची पट्टी. आबा एवढंच म्हणाले, "मेस्त्री, आवाज बदलता कामा न्हाई. बाकीचं तुमी दोघं बघा."

इंजिनापासून सुरुवात केली, कारण त्यावर एकदा निर्णय झाला की बाकीचे निर्णय आपोआप निम्मे होतात. नातवाला मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. हरिकेन इंजिन 2.2 लिटरचं, ताकद 70-75 अश्वशक्तीची, टॉर्क सुमारे 155 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर 2.8, ट्रान्सफर केसच्या लो गिअरचं 2.46, डिफरन्शियलचं 5.38. तिन्हींचा गुणाकार 37 च्या आसपास जातो. म्हणजे इंजिनचा जोर चाकाशी पोचेपर्यंत सदतीसपट होतो. 2010 मध्ये आलेल्या थारमधलं सीआरडीई इंजिन 247 न्यूटन-मीटर देतं. तेच इथं टाकलं तर मागच्या अॅक्सलवर दीडपटीहून जास्त जोर येणार. आणि मागचा अॅक्सल कसा आहे? शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर हब नुसता एका चावीवर आणि नटावर बसलेला. नट जरा ढिला राहिला तर मूळ इंजिनसुद्धा ती चावी कापतं. मग चाक जागेवर आणि शाफ्ट आत गरगर. मोठं इंजिन टाकायचं तर अॅक्सल बदला, अॅक्सल बदलला तर प्रोपेलर शाफ्टचा दांडा बदला, गिअरबॉक्स बदला, आणि एवढं सगळं बदलल्यावर शिल्लक काय राहतं? बॉनेट.

मूळ आखणाऱ्यांना हे ठाऊक होतं. ट्रान्सफर केसला दोन लिव्हर आहेत, एक पुढची चाकं जोडायला, दुसरा हाय-लोसाठी. पुढचा अॅक्सल जोडल्याशिवाय लो गिअर पडतच नाही. आत तशी अटकाव-कळच आहे. एवढा जोर एकट्या मागच्या अॅक्सलवर जाऊ नये म्हणून. जिथं कंपनीनं स्वतः कडी घातलीय, तिथं आपण दार मोडून आत का शिरायचं?

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकानं करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच ठासून सांगितलं. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन घालून फिरणाऱ्या जीपा मी पुष्कळ बघितल्या आहेत. अपघात झाला आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, की त्यांचे मालक घाम पुसत बसतात.

याच ओघात नातवानं विचारलं, "काका, मग व्हिंटेजचा नंबर घेतला तर?" प्रश्न बरोबर होता. जुलै 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरं असलेला वेगळा नंबर मिळतो. फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी, की चेसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांपुरतीच रस्त्यावर यावी. आबांना गाडी शेतावर न्यायची होती, बावड्याच्या बाजाराला न्यायची होती. प्रदर्शनात दोरी लावून उभी करायला त्यांनी टेंपोचं भाडं भरलं नव्हतं. तेव्हा साधीच नोंदणी ठेवायची, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा. एप्रिल 2022 मध्ये खासगी मोटारीच्या या नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 वर नेली गेली. ही वाढ मला पटत नाही. धूर तपासा, ब्रेक तपासा, नापास असेल तर परत पाठवा; गाडीचं वय म्हणजे तिची तब्येत नव्हे. पण ते असो.

म्हणजे इंजिन जुनंच. ते जाम होतं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेलाचं मिश्रण सोडलं, आणि रोज सकाळी फ्लायव्हीलच्या दात्याला टॉमी लावून थोडा ताण देत राहिलो. झटका द्यायचा नाही. एके दिवशी करकर करत सरकलं. खोलल्यावर रिंगा पिस्टनला चिकटलेल्या, भिंतींवर गंजाचे वळ, आणि तिसऱ्या सिलिंडरपाशी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरकडे जाणारा केसासारखा तडा. एफ-हेडची ही जुनी खोड आहे. गरम धुराचा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे तिथली भिंत तापते, आणि पाण्याची वाट गाळानं तुंबली की तडकते.

इथं उद्यमनगर कामाला आलं. बाबूराव पेंटरांनी ज्या शहरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या शहरात बिडाचं काम जाणणारी माणसं अजून आहेत. शेती-इंजिनं आणि ऑइल इंजिनं यांवर इथल्या दोन-तीन पिढ्या पोसल्या. बिडाला साध्या रॉडनं वेल्डिंग मारलं तर तडा बाजूला आणखी लांब पळतो. म्हणून तो थंडच शिवून घेतला: तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून त्याची वाढ थांबवायची, मग आडव्या कुलपासारख्या पट्ट्या ठोकायच्या आणि मधे आट्याच्या पिना एकीवर एक चढवत न्यायच्या. हे काम करणारे मेस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. पाण्याचा दाब देऊन ब्लॉक तपासला, थेंबही आला नाही. बोअर मूळ सव्वातीन इंचांहून थोडा कमी, 79.4 मिलिमीटर, स्ट्रोक मात्र 111. असं लांब स्ट्रोकचं इंजिन फेऱ्यांवर पळत नाही, पण हळू चालताना ओढतं छान. चारही सिलिंडरना स्लीव्ह घातल्या, क्रँक ग्राइंड केला, एक्झॉस्टला कठीण धातूच्या सीट बसवल्या. पेट्रोलमधलं शिसं 2000 साली गेलं. व्हॉल्व्हच्या सीटला त्या शिशाचं वंगण मिळायचं, ते आता मिळत नाही.

पेट्रोलची दुसरी भानगड नवी आहे आणि ती आमच्याच शेतातून आलेली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊसवाल्या जिल्ह्यानं त्याला नावं ठेवू नयेत, आणि मी ठेवतही नाही. पण या गाडीचा पेट्रोल पंप, त्याचा रबरी पडदा, बुचाची पॅकिंगं हे सगळं साठ वर्षांपूर्वीच्या पेट्रोलचं गणित धरून केलेलं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, टाकीच्या तळातला वर्षानुवर्षांचा गाळ सुटा करून कार्बोरेटरमध्ये आणतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पत्र्याच्या टाकीला आणखी काय पाहिजे? टाकी उकळून घेऊन आतून लेप दिला, सगळे पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे टाकले, पंपाचा पडदा तसल्याच मालाचा घेतला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट किंचित मोठा केला. आबांना सांगून ठेवलं, की महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. टाकी रिकामी असली की आतल्या हवेतलं पाणी पत्र्यावर धरतं.

आता ब्रेक. जुनी जीप चालवणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुमचा मास्टर सिलिंडर कुठं आहे? निम्म्यांना माहीत नसतं. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली, चेसीला लटकलेला असतो. चिखल, पाणी, शेण, सगळं त्याच्या अंगावर. त्यात तेल किती आहे हे बघायला मॅट उचलून फळीवरचं झाकण काढावं लागतं, म्हणून कुणी बघत नाही. चारही चाकांना मिळून एकच सर्किट. एका चाकाचा होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. आणि ड्रम नऊ इंचांचे. ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी शिरतं, लायनर ओले होतात, आणि पुढची काही वळणं पेडल दाबूनही गाडी नुसती विचार करत पुढं जाते.

त्यात हँडब्रेकची गंमत. तो मागच्या चाकांना नाही. ट्रान्सफर केसच्या मागं, दांड्यावर एक ड्रम आहे, त्याला आहे. ट्रान्सफर केसचं मागचं ऑइल सील गळलं की ते तेल थेट त्या ड्रममध्ये. म्हणजे एका सीलामुळे तेलही जातं आणि चढावर उभी केलेली गाडीही जाते. गिअरबॉक्समधलं तेल मधल्या बेअरिंगवाटे ट्रान्सफर केसमध्ये उतरतं, तिथली पातळी वाढते आणि सीलावर आणखी भार येतो. असली गाडी दुरुस्त करताना ब्रेकवाला, गिअरवाला आणि सीलवाला अशी वेगळी माणसं ठेवून चालत नाही.

मूळपणाचा माझा सगळा आग्रह इथं संपतो. मास्टर सिलिंडर टँडम टाकला, पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं. पुढं डिस्क बसवल्या. पाच बोल्ट आणि साडेपाच इंचांचं वर्तुळ हे माप विलीजपासून मारुतीच्या जिप्सीपर्यंत चालत आलेलं आहे, त्यामुळे चाकं मूळचीच राहिली आणि सोळा इंची रिममध्ये कॅलिपरला जागाही भरपूर मिळाली. यात एक बारकी गोष्ट आहे जी चुकवून पुष्कळ लोक नंतर पेडल पंप करत बसतात. मास्टर सिलिंडर फळीखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर. गाडी उभी राहिली की तेल हळूहळू मागं उतरतं आणि पहिलं पेडल पोकळ जातं. ते थांबवायला लाइनमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो, डिस्कच्या बाजूला दोन पीएसआयचा आणि ड्रमच्या बाजूला दहाचा. दोन्हींची अदलाबदल झाली तर डिस्क कायम घासत राहते. छोटा व्हॅक्यूम बूस्टर चेसीच्या आत लपवला. पेट्रोल इंजिन असल्यामुळे व्हॅक्यूम फुकट मिळतो. डिझेलला तो मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप लावावा लागतो, हेही नातवाच्या यादीविरुद्ध माझ्या बाजूनं पडलं.

आबा हे सगळं खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "आमच्या टायमाला एकच ब्रेक होता, तरी उतरायचो की घाट." मी म्हटलं, "आबा, तेव्हा समोरून एसटी यायची, तीबी दिवसाला दोनदा." हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

स्टीअरिंगवर मात्र नातवाचं आणि माझं जरा लांबलं. या जीपला स्टीअरिंगचा जोर थेट चाकांना जात नाही. मधे क्रॉसमेंबरवर एक त्रिकोणी बेलक्रँक आहे, तो तिकडून टाय रॉड ढकलतो. त्याची पिन झिजली, किंग पिनची बेअरिंगं ढिली झाली, की पन्नासच्या पुढं पुढची चाकं अशी थरथरतात की स्टीअरिंग हातात राहत नाही. पॉवर स्टीअरिंग टाकल्यानं हे जात नाही, फक्त हाताला कळेनासं होतं. बेलक्रँकला नवी पिन आणि सुई-बेअरिंग टाकली, किंग पिनचे शिम काढत-घालत स्प्रिंग काट्यानं ओढून ताण जुळवला, टो-इन बांधला. टायर मूळ मापाचे, 6.00-16, अरुंद. स्टीअरिंग बोटांवर आलं.

नातवाला टायर अरुंद दिसत होते, आणि दिसायला ते आहेतच. पण रुंद टायर टाकले की स्टीअरिंग जड होतं, म्हणून पॉवर स्टीअरिंग. त्या बॉक्सचा जोर चेसीच्या पातळ तोंडावर येतो, म्हणून तिथं पट्ट्या. उंच टायर मडगार्डला लागतो, म्हणून गाडी उचलायची. उचलली की दांड्याच्या क्रॉसचा कोन वाढतो आणि ते लवकर जातात. आणि मोठ्या चाकाला थांबवायला ब्रेकला आणखी जोर पाहिजे. आपल्याकडं सह्याद्रीत वर तांबडा चिखल आणि खाली जांभा असतो. अरुंद टायर तो चिखल कापून खालच्या कठीण थराला भिडतो. रुंद टायर वर तरंगतो, तो वाळवंटासाठी बरा. विंचही नको म्हटलं; पुढच्या पाट्यांवर एवढं वजन कायमचं ठेवण्यापेक्षा एक चांगला दोर आणि फावडं पुरतं.

वायरिंगबद्दल थोडक्यात. डायनमो काढून अल्टरनेटर घातला, कारण डायनमो आयडलवर चार्ज करत नाही आणि घाटात हळू चढताना दिवे मंद होतात. हेडलाइट सात इंची गोलच, आत हॅलोजन, पण भार स्विचवर न टाकता रिलेवर टाकला. एलईडीची पट्टी लावली नाही. बावड्याच्या धुक्यात पांढरा झोत भिंतीवर आपटावा तसा परत डोळ्यात येतो. वायपर जुना, व्हॅक्यूमवर चालणारा होता. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो आणि वायपर नेमका तेव्हाच थांबतो. तो मुंबईच्या एका संग्राहकाला देऊन टाकला आणि बारा व्होल्टची मोटर बसवली.

पत्र्याचं काम वेळखाऊ असतं आणि सांगायला कंटाळवाणं. फळीखालच्या उलट्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांत माती साचून सगळं कुजलं होतं, ते कापून नवं घातलं. चेसीला रेती मारून घेतली; बॉडीला मारू दिली नाही, कारण पातळ पत्रा रेतीच्या माऱ्यानं वाकडा होतो आणि मग तो सरळ दिसावा म्हणून वर किलो-किलो लांबी थापावी लागते. बॉनेटवर डाव्या बाजूला एक पोचा होता. पेंटर तो काढायला निघाला तेव्हा आबांनी हात वर केला. तो तसाच आहे, वर नवा हिरवा रंग.

पासिंगला अधिकाऱ्यानं चेसी नंबर दोनदा खडूनं घासून बघितला, धूर तपासणीचा कागद बघितला, ब्रेक मारून बघितला आणि सही केली.

पाऊस लागल्यावर आम्ही तिघं भुईबावडा घाट उतरून खाली गेलो आणि करूळनं वर आलो. उतरताना पहिल्या दोन वळणांनंतर मी नातवाला ब्रेकवरून पाय काढायला लावला. रस्ता ओला होता, कडेला वाहत होता, म्हणून पुढचा अॅक्सल जोडून लो टाकला. कोरड्या डांबरावर हे करायचं नाही, पुढच्या-मागच्या दांड्यांत पीळ भरतो आणि गिअर सुटत नाहीत. दुसऱ्या गिअरवर इंजिननंच गाडी धरून ठेवली. त्याला पहिल्यांदा कळलं की पंचाहत्तर घोडे कशाला पुरतात. वर आल्यावर सपाटीला मी त्याला साठच्या पुढं जाऊ दिलं नाही. साठला इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं, तिथं ते सुखात असतं. ऐंशीला ते सव्वातीन हजारांवर ओरडतं, आणि ओरडणाऱ्या इंजिनावर पुण्याला जायचा हट्ट असेल तर त्यानं दुसरी गाडी घ्यावी, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यानं घेतलीही. जीप वाडीवरच असते.

तुमच्याकडं अशी एखादी गाडी गोठ्यात, वळचणीला उभी असेल तर आज आधी आरसी बुक शोधा आणि चेसीवरचा नंबर त्याच्याशी जुळतो का ते पाहा. तो जुळत नसेल तर पुढचा एक रुपयाही खर्चू नका. जुळत असेल तर गाडी तिथून बाहेर कोरड्या जागी काढा, धक्का मारून सुरू करायच्या फंदात पडू नका, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा आणि थांबा. मग तुमच्या मेस्त्रीला विचारा, ब्रेकचं काय करणार? त्यानं उत्तर देताना रंगाचा कॅटलॉग काढला, तर दुसरा मेस्त्री बघा. टायर सगळ्यात शेवटी घ्या.